सागरपृष्ठाचे अवरक्त प्रारण : ध्रुवीकरण, मापन आणि अर्थकारण

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव निघताच स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना २८ फेब्रुवारी १९२८ हा दिवस आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आठवते. त्यामानाने त्यांचा १९२१ मधील सागरी प्रवास फारसा परिचित नाही. त्या वर्षी इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या जहाजाने मुंबईकडे परतत असताना रामन यांनी एक साधे उपकरण जवळ बाळगले होते. ते म्हणजे निकोल लोलक. समुद्राचा निळा रंग हे आकाशाच्या निळाईचे केवळ प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. रामन यांनी पाण्याकडे विशिष्ट कोनातून पाहिले आणि लोलक फिरवून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे अडविला. प्रतिबिंब नाहीसे झाले, परंतु निळाई मावळली नाही. उलट ती अधिक गडद दिसू लागली. समुद्राचा रंग पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणातून येतो, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला.

या प्रयोगामागील युक्ती अशी की, समुद्राकडून येणारा प्रकाश एकसंध नसतो. त्यात पृष्ठभागावरून परतलेला आणि पाण्यातून बाहेर आलेला असे दोन प्रवाह मिसळलेले असतात. ध्रुवीकरणाच्या साह्याने त्यांना वेगळे करता येते. हीच युक्ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांना लावली तर काय हाती लागते, हा आज दूरसंवेदनातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. मान्सूनचा अंदाज, मासेमारी, तेलगळतीचा शोध आणि किनाऱ्याची सुरक्षा या चारही बाबींशी त्याचा संबंध पोहोचतो.

समुद्र ‘प्रकाशतो’ तो कसा

निरपेक्ष शून्याहून अधिक तापमान असलेला प्रत्येक पदार्थ प्रारण उत्सर्जित करतो. वीनच्या नियमानुसार २७ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ३०० केल्विन तापमानाच्या पृष्ठभागाचे प्रारण ९.७ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. उष्ण कटिबंधातील समुद्राचे तापमान याच घरातले आहे. पृथ्वीचे वातावरण साधारणपणे ८ ते १३ मायक्रोमीटर या पट्ट्यात बरेचसे पारदर्शक असते. त्यामुळे निरभ्र आकाश असताना समुद्राने उत्सर्जित केलेली उष्णता अवकाशातून मोजता येते. हा योगायोग नसता तर उपग्रहावरून सागरपृष्ठाचे तापमान मोजण्याचे हे तंत्र जन्मालाच आले नसते.

येथे एक बारकावा लक्षात घेणे अगत्याचे आहे. पाणी अवरक्त किरणांना इतक्या झपाट्याने शोषून घेते की, ११ मायक्रोमीटर तरंगलांबीचे जे प्रारण बाहेर पडते ते पाण्याच्या वरच्या सुमारे १० मायक्रोमीटर जाडीच्या थरातून येते. मानवी केसाची जाडीही याहून कितीतरी अधिक असते. बाष्पीभवनामुळे ही ‘त्वचा’ तिच्या खालच्या पाण्यापेक्षा सामान्यतः अंशाच्या एक-दोन दशांशांनी थंड असते. उपग्रह मोजतो ते तापमान या त्वचेचे. जहाजावरून बादलीत घेतलेल्या पाण्याचे किंवा तरंगत्या बोयाने नोंदविलेले तापमान त्याहून वेगळे असते.

दोन प्रवाहांची ओढाताण

प्रकाश हा आडवा तरंग आहे. त्याची कंपने प्रवासाच्या दिशेशी काटकोनात, पण कोणत्याही प्रतलात होऊ शकतात. उभ्या गजांच्या कठड्यातून ओवलेली दोरी हलविली तर वरखाली होणारी लाट पलीकडे जाते, डावी-उजवीकडे होणारी गजांवर अडते. ध्रुवक हेच काम प्रकाशाबाबत करतो. सूर्यप्रकाशात सर्व प्रतलांतील कंपने सारख्या प्रमाणात असतात. त्याला अध्रुवित म्हणतात. काच किंवा पाणी यांवरून परावर्तित झालेला प्रकाश मात्र अंशतः ध्रुवित होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन मालू यांनी १८०८ मध्ये दाखविले. परावर्तित प्रकाश ज्या कोनात पूर्णपणे ध्रुवित होतो तो कोन पदार्थाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असतो, हा नियम १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी मांडला. दृश्य प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने हा कोन सुमारे ५३ अंशांचा येतो. ११ मायक्रोमीटरला तोच अपवर्तनांक सुमारे १.१५ पर्यंत खाली उतरतो आणि कोन ४९ अंशांच्या जवळ येतो. येथे पाणी थोडे शोषकही असल्याने परावर्तन पूर्ण ध्रुवित होत नाही, तरी प्रवृत्ती तीच राहते.

समुद्रावरून परावर्तित झालेल्या किरणांत क्षैतिज, म्हणजे आडव्या कंपनांचे प्राबल्य असते. उत्सर्जनाचे याच्या नेमके उलट होते. किर्खॉफच्या नियमानुसार अपारदर्शक पृष्ठभाग जितके कमी परावर्तित करतो तितके अधिक उत्सर्जित करतो, आणि हा नियम प्रत्येक ध्रुवीकरणाला स्वतंत्रपणे लागू पडतो. क्षैतिज घटक जास्त परावर्तित होतो, म्हणून तो कमी उत्सर्जित होतो. परिणामी समुद्राच्या स्वतःच्या उष्णतेचे प्रारण उभ्या दिशेने ध्रुवित असते आणि समुद्रावरून परतलेले आकाशाचे प्रारण आडव्या दिशेने. संवेदकापर्यंत पोहोचते ती या दोहोंची बेरीज.

या बेरजेचे फलित आकाशावर अवलंबून असते. हिवाळ्यातील कोरडे, निरभ्र आकाश अवरक्त पट्ट्यात अतिशय थंड असते. अशा वेळी परावर्तित प्रवाह दुर्बळ राहतो आणि समुद्राचे उभे ध्रुवीकरण स्पष्ट दिसते. पावसाळ्यात खाली उतरलेल्या दाट ढगांचे तापमान समुद्राच्या तापमानाच्या जवळ येते. आकाश आणि समुद्र सारखेच उष्ण असतील तर एका प्रवाहात जे उणे ते दुसऱ्यात नेमके अधिक होते आणि ध्रुवीकरण मावळते. दिवसा ३ ते ५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात चित्र पुन्हा पालटते. तेथे सूर्याचे प्रारण इतके प्रबळ असते की, लाटांवरील चकाकी बाकी सर्वांवर मात करते आणि एकूण ध्रुवीकरण आडवे होते. याच कारणाने ३.७ ते ४ मायक्रोमीटरची मापने सागरपृष्ठाच्या तापमानासाठी मुख्यतः रात्रीची वापरली जातात. एकच समुद्र ऋतूनुसार, वेळेनुसार आणि तरंगलांबीनुसार भिन्न रीतीने ध्रुवित दिसतो. पाठ्यपुस्तकातील एका वाक्याच्या व्याख्येत हे सारे मावत नाही.

कोन आणि वारा

सपाट पाण्याकडे सरळ वरून पाहिल्यास ११ मायक्रोमीटरला परावर्तन एक टक्क्याहूनही कमी असते. उत्सर्जनक्षमता सुमारे ०.९९ असते. दोन्ही ध्रुवीकरणांत त्या वेळी काहीच फरक नसतो. लंबाशी ६० अंशांचा कोन झाला तरी परावर्तन दोन-तीन टक्क्यांच्या आतच राहते. तेथून पुढे मात्र ते झपाट्याने चढते आणि ८० अंशांवर जवळपास पाव हिस्सा प्रारण आकाशाचे असते. जहाजाच्या डोलकाठीवरून किंवा किनाऱ्यावरील मनोऱ्यावरून क्षितिजाकडे रोखलेला औष्णिक कॅमेरा प्रामुख्याने याच तिरप्या कोनांत काम करतो. म्हणून ध्रुवीकरणाचा प्रश्न उपग्रहापेक्षा त्याला अधिक भेडसावतो.

समुद्र सपाट नसतो ही दुसरी अडचण. प्रत्येक लाट असंख्य लहान-लहान तिरक्या पाटांची बनलेली असते आणि प्रत्येक पाट आपापल्या कोनातून परावर्तन करतो. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांनी हवाई बेटांजवळ विमानातून सूर्याच्या चकाकीची छायाचित्रे घेऊन १९५४ मध्ये या उतारांचे गणित मांडले. वाऱ्याचा वेग वाढतो तसे उतारांचे प्रचरण जवळपास सरळ रेषेत वाढते, असे त्यांना आढळले. सत्तर वर्षांनंतरही सागरी प्रकाशविज्ञानातील बहुतेक गणिते या सूत्रापासून सुरू होतात. खवळलेल्या पृष्ठभागावर ध्रुवीकरण विखुरते व सौम्य होते. याचा व्यत्यास असा की, ध्रुवीकरण मोजून पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आणि पर्यायाने वाऱ्याचा अदमास घेता येतो.

सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रात हे तत्त्व केव्हाच रूढ झाले आहे. तेथे पाण्याची उत्सर्जनक्षमता निम्म्याच्या आसपास असते आणि उभ्या व आडव्या घटकांतील फरक फार मोठा असतो. २६ मे १९९९ रोजी सोडलेल्या भारताच्या ओशनसॅट-१ उपग्रहावरील बहुवारंवारता सूक्ष्मतरंग मापक ६.६, १०.६५, १८ आणि २१ गिगाहर्ट्झ या चारही वारंवारतांवर दोन्ही ध्रुवीकरणे नोंदवीत असे. अवरक्त पट्ट्यात हा फरक लहान असल्याने उपग्रहांवरील नेहमीचे औष्णिक संवेदक ध्रुवीकरण वेगळे मोजत नाहीत. ते गणिताने गृहीत धरून चालतात.

अर्ध्या अंशाची किंमत

एवढ्या सूक्ष्म फरकाची दखल घेण्याचे कारण भारताच्या हवामानात आहे. डॉ. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, हिंदी महासागरावर मोठ्या प्रमाणात ढग तयार होण्यासाठी पृष्ठतापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडावी लागते. मर्यादेच्या खाली ढगांचे प्रमाण अल्प राहते. तापमान मोजण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तर सागराचा एखादा विस्तीर्ण भाग या मर्यादेच्या चुकीच्या बाजूला मांडला जाऊ शकतो. उत्सर्जनक्षमता एक टक्क्याने चुकीची धरली आणि आकाशाचे परावर्तन विचारात घेतले नाही, तर ११ मायक्रोमीटरला येणारी त्रुटी सुमारे ०.७ अंशाची असते. तिरप्या कोनातील परावर्तनाचे गणित म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही.

२६ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-३डी आणि त्यानंतरच्या ३डीआर (२०१६) व ३डीएस (२०२४) या भूस्थिर उपग्रहांवरील प्रतिमाग्राहकात १०.२ ते ११.३ आणि ११.५ ते १२.५ मायक्रोमीटर असे दोन शेजारचे औष्णिक पट्टे ठेवण्यात आले. बाष्प या दोन पट्ट्यांतील प्रारण वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, त्यामुळे दोहोंच्या फरकावरून बाष्पाचा प्रभाव वजा करता येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ईओएस-०६, म्हणजेच ओशनसॅट-३ वरही सागरपृष्ठाच्या तापमानासाठी स्वतंत्र औष्णिक संवेदक बसविण्यात आला. मात्र यांपैकी कोणताही ढगांच्या पलीकडे पाहू शकत नाही. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात अरबी समुद्राचा मोठा भाग अवरक्त संवेदकाला दिसतच नाही. तेव्हा सूक्ष्मतरंग आणि बोया यांवर विसंबावे लागते.

मासेमारीची गरज याहून निराळी आहे. तेथे तापमान नेमके किती यापेक्षा शेजारच्या पाण्याहून ते किती वेगळे, याला महत्त्व असते. थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध असे खालचे पाणी वर येते तेथे वनस्पतिप्लवक वाढते आणि त्यामागोमाग मासे येतात. थंड व उष्ण पाण्याच्या सीमारेषा औष्णिक चित्रात उठून दिसतात. शेजारी शेजारी असलेल्या दोन बिंदूंकडे पाहण्याचा कोन जवळजवळ सारखाच असल्याने कोनामुळे येणारी त्रुटी वजाबाकीत बरीचशी गळून पडते. मान्सूनच्या अभ्यासकाला जे चित्र अपुरे वाटेल, तेच मच्छीमाराला पुरेसे असते.

तेल आणि लहान नौका

ध्रुवीकरणाचा थेट उपयोग दिसतो तो तेलगळतीच्या शोधात. पाण्यावर पसरलेला तेलाचा जाड थर दिवसा उन्हाने पाण्यापेक्षा अधिक तापतो आणि औष्णिक चित्रात उजळ दिसतो. रात्री तो थंड दिसतो. या दोन अवस्थांच्या मध्ये दिवसातून दोनदा अशी वेळ येते की, तेल आणि पाणी यांच्यात कोणताही फरक उमटत नाही. अपवर्तनांक मात्र घड्याळाप्रमाणे बदलत नाही. औष्णिक पट्ट्यात खनिज तेलाचा अपवर्तनांक पाण्याहून स्पष्टपणे अधिक असल्याने त्याचे परावर्तन व ध्रुवीकरण दोन्ही अधिक असतात. तापमानाचा फरक शून्यावर आलेला असतानाही ध्रुवीकरणाच्या चित्रात तवंगाची सीमा ओळखता येते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. फार पातळ थर तिला दिसत नाही आणि ढगाळ आकाशाखाली तिची धार कमी होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले ते ऐन पावसाळ्यात. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा-३’ बुडाले तेव्हाही मान्सून केरळात दाखल झालेला होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही कसोटी नेमकी प्रतिकूल ऋतूत लागते. अशा वेळी रडार आणि कमी उंचीवरून उडणारी विमाने यांचा मार्ग अधिक विश्वासार्ह ठरतो. एखादे तंत्र प्रयोगशाळेत किती सरस आहे यापेक्षा ते कोणत्या आकाशाखाली वापरायचे आहे, याचा विचार खरेदीपूर्वी व्हावयास हवा.

लहान नौकांचा प्रश्न २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ऐरणीवर आला. हल्लेखोर बळकावलेल्या मासेमारी नौकेतून आणि नंतर रबरी होडीतून आले होते. अशी होडी रडारवर लाटांच्या गोंधळात हरवते आणि तिचे तापमान समुद्राच्या जवळपास असेल तर औष्णिक चित्रातही उठत नाही. परंतु तिरप्या कोनातून दिसणारे पाणी ध्रुवित असते, तर खडबडीत लाकडाचे प्रारण जवळजवळ अध्रुवित. दुपारच्या चकाकीत क्षैतिज घटक अडविणारा ध्रुवक बसविला की लकाकणाऱ्या पाण्यातील नौका दिसू लागते. भरकटलेल्या मच्छीमारांच्या शोधकार्यातही हेच तत्त्व उपयोगी पडते.

माहिती सर्वांची, मासा एकाचा

या सर्व मापनाचा खर्च कोणी करावयाचा? उपग्रहावरील संवेदक महाग असतो. ध्रुवीकरण मोजावयाचे तर प्रत्येक घटकाच्या वाट्याला प्रारणाचा काही भागच येतो आणि संवेदक अधिक ग्रहणक्षम करावा लागतो. याचा लाभ लाखो मच्छीमार, शेतकरी, बंदरे आणि नौवहन कंपन्या यांच्यात विभागलेला असतो. एकाने वापरल्याने माहिती दुसऱ्याला कमी पडत नाही आणि पैसे न देणाऱ्याला तिच्यापासून दूर ठेवणेही कठीण असते. अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. बाजारपेठ तिचा पुरवठा पुरेसा करीत नाही आणि म्हणून शासनाने पुढाकार घेणे समर्थनीय ठरते. १९९९ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉईस’, संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना किनारी भाषांतून विनामूल्य देते. मासळी उतरविण्याच्या प्रत्येक केंद्रापासून दिशा, अंतर आणि खोली असे तिचे स्वरूप असते. मासेमारीबंदीच्या काळात ती दिली जात नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ म्हणजेच ढगांचाही काळ, हा मेळ विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तथापि माहिती सार्वजनिक असली तरी मासा सार्वजनिक नाही. एका जाळ्यात आलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात येत नाही. खुल्या मत्स्यक्षेत्रात प्रत्येक जण अधिक पकडू पाहतो आणि अखेरीस सर्वांचा नफा विरून जातो, हे स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्येच मांडले होते. म्हणून एका नौकेला सूचनेमुळे झालेला लाभ घेऊन त्याला देशातील एकूण नौकांनी गुणणे योग्य नव्हे. शोधात वाया जाणारे डिझेल वाचते तो भाग निखळ लाभाचा. अधिक पकड झाली तो भाग साठा टिकतो की नाही यावर अवलंबून.

रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळमधील तारलीच्या किनारी बाजारांचा १९९७ ते २००१ या काळात केलेला अभ्यास येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. विक्रीअभावी फेकून देण्यात येणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला भाव ४ टक्क्यांनी कमी पडला. भाव कळल्याने समुद्रातील माशांची संख्या घटत नाही. ठिकाण कळल्याने ती घटू शकते. दोन्ही प्रकारची माहिती एकाच मोजपट्टीने मोजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

सूचना बंदरावरील फलकावर लागली तरी खोल समुद्रातील नौकेपर्यंत ती पोहोचतेच असे नाही. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरच्या पुढे मोबाइलचे जाळे संपते. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ चक्रीवादळात अनेक दिवसांपूर्वी निघालेल्या नौकांना इशारा मिळाला नाही आणि मोठी जीवितहानी झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘गगन’ उपग्रह प्रणालीवर आधारित ‘जेमिनी’ हे उपकरण आले, पण त्यातून संदेश फक्त घेता येतो, पाठविता येत नाही. दुतर्फा संदेशाची सोय असलेले एक लाख ट्रान्सपाँडर मासेमारी नौकांवर बसविण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. प्रति नौका हा खर्च सुमारे ३६ हजार रुपये येतो. बारा मायक्रोमीटरच्या पट्ट्यात अवकाशातून टिपलेली अर्ध्या अंशाची सीमारेषा शेवटी या पेटीतूनच नौकेच्या तांडेलापर्यंत जाणार आहे.